गांडुळांचा डबा आणि उंदरांचे जेवण

जुलैत पाऊस लागून राहिला की खेडसारख्या गावात ओल्या कचऱ्याचे काय होते, हे सकाळी रस्त्याने चालत गेले तरी कळते. गाठ मारून ठेवलेली पिशवी रात्री कुत्री फाडतात. शिळा भात, भाजीची देठे गटाराच्या कडेला पसरतात आणि त्यावर उंदीर-घुशी पोसतात. लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही. त्याचा जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो, पायाच्या भेगेतून किंवा खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतो. जुलै 2021 मध्ये जगबुडीचे पाणी शहरात शिरले होते. अशा पुरानंतर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या याच भीतीपोटी. त्या द्यायलाच हव्यात. पण उंदरांना वर्षभर जेवू घालायचे आणि पावसाळ्यात गोळ्यांवर भिस्त ठेवायची, हा उफराटा कारभार झाला.

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे प्रत्येक घराला बंधनकारक केले. पण वेगळा केलेला ओला कचरा गाडी येईपर्यंत दाराबाहेरच राहणार असेल, तर उंदराला त्याने काय फरक पडतो? म्हणूनच गांडूळखताचा छोटा डबा ही नुसती बागेची हौस मानू नये. तो आरोग्याचा विषय आहे.

सुरुवातीला झाकण असलेली पसरट बादली किंवा टब पुरे. तळाला आणि बाजूला भोके, खाली निथळणारे पाणी धरायला ताटली. तळाशी सोडणाचे तुकडे, त्यावर ओलसर पेंढा नाहीतर सुका पाचोळा, वर जुने, कुजलेले शेण. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात. अंगणात खणून काढलेली गांडुळे बहुधा टिकत नाहीत, कारण ती मातीत राहणारी. डब्याला आयसेनिया फेटिडा ही कुजत्या पाल्यात वरच्यावर राहणारी तांबूस जात लागते. कृषी विद्यापीठ शेजारच्या दापोलीतच आहे, तिथे चौकशी करावी. डबा पडवीत किंवा बाल्कनीच्या सावलीत ठेवावा; पावसाची झड आणि मे महिन्यातले ऊन दोन्ही त्याला सोसत नाही.

गांडूळ दिवसाला साधारण आपल्या वजनाच्या निम्मे खाते. म्हणजे अर्धा किलो गांडुळांना रोज पाव किलो भाजीपाला, तोही बारीक चिरून, आणि पहिले दोन आठवडे मूठभरच. बहुतेक डबे उपासमारीने नव्हे, लाडाने मरतात. फणसाची साल आणि आंब्याच्या साली एकदम ओतल्या की आत सगळे आंबते, तापते, वास सुटतो, मग घरातली मंडळी डबा बाहेर फेकतात. वास आला तर खाणे थांबवावे आणि पाचोळा मिसळावा. आतला मूठभर चोथा पिळल्यावर एक-दोन थेंब पडले की ओल बरोबर. दर वेळी वरून सुका पाचोळा पसरला तर चिलटेही होत नाहीत. पहिले खत हाती यायला दोन-तीन महिने लागतात.

खरी अडचण मासळीची. कोकणातल्या घरात खवले, डोकी, कोळंबीची साले नित्याचीच. ती या डब्यात मुळीच घालू नयेत. वासाने मांजरे आणि उंदीर येतात, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच घडते. शिवाय हा डबा तापत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच याची खात्री नसते. कुत्र्या-मांजराची विष्ठा आणि डायपर याच कारणाने नकोत. परसात माड असेल तर मासळीचा कचरा बुंध्यापासून थोडे दूर, दीड फूट खोल पुरण्याची जुनी रीतच चांगली. फ्लॅटमध्ये ते जमत नाही. तिथे तो कागदात बांधून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि गाडी आली की द्यावा. अनेकांना हे किळसवाणे वाटेल, पण जिन्याखाली कुजत ठेवण्यापेक्षा बरे.

खत काढताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. हाताला जखम असेल तर ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. मुंग्या येऊ नयेत म्हणून डब्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्याच वाट्यांत डेंग्यूचे डास वाढतात. त्या आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून घ्याव्यात. नुसते पाणी बदलून भागत नाही, अंडी वाटीच्या कडेला चिकटलेली असतात.