काठ राखला तर कापड राहते

धोट्याच्या मागावरून उतरणाऱ्या कापडाला दोन्ही बाजूंना स्वतःचा काठ असतो. बाण्याचा धागा एका कडेला पोहोचतो आणि तेथूनच वळून परत येतो. म्हणून ती कड कितीही धुतली तरी सुटत नाही. मात्र त्याच कापडाला कात्री लागली की जी नवी कड तयार होते, तिला असा आधार नसतो. कडेचा शेवटचा धागा मोकळा राहतो, तो निघाला की त्याच्या मागचा निघतो, आणि चार धुण्यांत सुटलेली कड शिवणीपर्यंत येऊन पोहोचते. कापड शाबूत असूनही वस्त्र मोडीत निघते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानात येते तेव्हा दोष सुताचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो काठाचा असतो.

साडी, धोतर, उपरणे ही आपल्याकडील जुनी वस्त्रे मागावरचा काठ तसाच वापरीत. पदराच्या टोकाला धाग्यांचे गोंडे बांधले की काम भागे. आज त्याच टोकाला पिको केला जातो. बेतून शिवलेल्या कपड्यांची गोष्ट निराळी. बाळाची कुंची, दुपटे, चोळी यांच्या कडेला वेगळ्या कापडाची पट्टी दुमडून लावीत. तिला मराठीत गोट म्हणतात. गोधडीच्या चारही बाजूंना लावलेली पट्टी हेही गोटाचेच काम करते. शोभा वाढते ती नंतर. आधी ती पट्टी आतील सर्व थर धरून ठेवते. म्हणजे काठ राखण्याच्या रीती मुळात दोनच: कापडाची कड त्याच कापडात दुमडून शिवणे, किंवा वेगळी पट्टी घेऊन कड तिच्या आत झाकणे. पहिलीला हेम म्हणतात, दुसरीला गोट किंवा पायपिन.

हाताचे काम यंत्राकडे

शिलाई यंत्र आले आणि टाके भराभर पडू लागले. पण कड दुमडण्याचे काम बोटांकडेच राहिले. एका हाताने दुमड धरायची, दुसऱ्याने कापड पुढे सरकवायचे आणि दर चार बोटांवर थांबायचे. यंत्राचा वेग जो लाभ देणार, तो या थांबण्यात निघून जाई. ही अडचण फार लवकर ध्यानात आली. शिलाई यंत्र अमेरिकेत नुकतेच बाजारात आले असताना, १८५३ मध्ये हॅरी स्वीट यांना कडेला पट्टी बसविणाऱ्या जोडसाधनाचे पेटंट मिळाले. शिलाई यंत्राच्या जोडसाधनांपैकी हे अगदी आरंभीचे. त्यानंतर कड त्याच कापडावर दुमडणारे हेमर आले, चुण्या घालणारी, प्लेट टाकणारी, फीत बसविणारी साधने आली. १८८९ च्या सुमारास सिंगर कंपनीने ही सारी साधने बसतील अशी घडीची लाकडी पेटी काढली. तिच्या चारही बाजू उघडून पसरल्या की प्रत्येक साधन आपापल्या खाचेत दिसे. आजही काही घरांत आजीच्या काळ्या मशीनच्या खणात अशा साधनांचा एखादा डबा असतो. त्यातील गुंडाळलेल्या पत्र्याचा तुकडा कशासाठी आहे हे मात्र घरात कोणाला ठाऊक नसते.

त्या पत्र्याच्या तुकड्याची रचना साधी आहे. हेमर फूटच्या पुढच्या भागात शंखासारखा एक वळसा असतो. सपाट कड त्यात शिरते, वळशाबरोबर एकदा वळते, पुन्हा वळते, आणि सुईखाली पोहोचेपर्यंत दुहेरी दुमडलेली असते. मोकळे धागे आत बंद होतात. खालचे दाते कापड ओढत राहतात. दुमडण्यासाठी निराळी शक्ती लागत नाही. दोन, चार, सहा मिलिमीटर अशा मापांचे हेमर फूट मिळतात. ज्या मापाचा वळसा, त्याच मापाची दुमड. रुमालाच्या पहिल्या बाजूला जी, तीच शंभराव्या रुमालाच्या चौथ्या बाजूला.

पट्टी बसविणाऱ्या साधनाला कारखान्यात फोल्डर म्हणतात. त्यात पट्टी बाजूने शिरते आणि तिच्या दोन्ही कडा आत वळून ती नळीसारखी होते. या नळीच्या उघड्या फटीत मूळ कापडाची कड सरकविली की एकाच शिवणीत वरचा थर, कड आणि खालचा थर एकत्र बांधले जातात. हाताने हेच काम करताना पट्टी एकदा उलट्या बाजूने शिवावी लागते, मग वळवून पुन्हा शिवावी लागते.

चुका कोठे होतात

साधन चांगले असूनही काम बिघडते त्याची कारणे ठरलेली आहेत. हेमरमध्ये कापड जास्त शिरले तर वळसा भरून जातो आणि दुमड जाड, वेडीवाकडी होते. कमी शिरले तर दुमड एकेरी राहते आणि कच्ची कड बाहेर डोकावते. म्हणून फूटपुढे कापडाची कड थोडी उचलून, एकाच रुंदीत आणि हलक्या ताणाने धरावी लागते. आरंभाला कोपरा तिरका छाटावा, दोन-चार टाके घालावेत आणि त्या टाक्यांचे दोरे धरून कड वळशात ओढून घ्यावी. बोटाने कोंबू नये. वाटेत आडवी शिवण येत असेल तर तेथील जास्तीचे कापड आधी छाटून टाकावे, नाही तर तो गोळा वळशात अडकतो.

पट्टीच्या बाबतीत चूक बहुधा कात्रीपाशीच होते. उभ्या किंवा आडव्या धाग्यात कापलेली पट्टी ताणली जात नाही. ती टेबलमॅट, गोधडी, पायपुसणे यांच्या सरळ कडांना चालते. गळा, मुंढा, बाळाच्या लाळेऱ्याची गोलाई येथे तीच पट्टी चुण्या पाडते. तेथे पंचेचाळीस अंशांत तिरकी कापलेली उरेब पट्टी हवी, कारण तिरक्या दिशेने कापड ताणले जाते आणि वळणाबरोबर वळते. उरेब पट्टीत कापड वाया जाते असा समज आहे, तो फारसा खरा नाही. एक मीटर लांब व एक मीटर रुंद कापडातून अडीच सेंटिमीटरची पट्टी काढली तर जोड सोडून सुमारे ४० मीटर लांबी मिळते; सरळ कापली तरी हिशेब तोच. वाया जाते ते निष्काळजीपणाने कापलेले कोपरे. पट्ट्यांचे जोडही तिरकेच असावेत, म्हणजे जाडी एका जागी साठत नाही आणि फोल्डरमधून जोड सहज निघून जातो.

पट्टीची रुंदी ठरविण्याचा ठोकताळा असा: दोन्ही कडा आत वळणाऱ्या गोटासाठी तयार रुंदीच्या चौपट पट्टी घ्यावी आणि कापड जाड असेल तर त्यात थोडी भर घालावी. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा गोट हवा असेल तर एक इंचाची पट्टी आणि वर जाडीपुरते कापड.

खरेदी करताना

फोल्डर विकत घेताना नुसते माप सांगून भागत नाही. पॉपलिनसाठी बनविलेल्या फोल्डरमधून जीनचे कापड सरकत नाही, आणि जीनच्या फोल्डरमध्ये पॉपलिनची पट्टी सैल पडून तिरकी होते. म्हणून दुकानात जाताना प्रत्यक्ष कापडाचा तुकडा न्यावा, कच्च्या पट्टीची रुंदी व तयार गोटाची रुंदी ही दोन्ही मापे सांगावीत आणि शक्य असल्यास तेथेच हातभर शिवून पाहावे. घरगुती यंत्राची फूट बसविण्याची दांडी आणि कारखान्यातील यंत्राची दांडी एका उंचीची नसते. एकाचे साधन दुसऱ्याला बसेलच असे नाही. कारखान्यातील फोल्डर यंत्राच्या पाटावर स्क्रूने बसवितात. त्याचे तोंड सुईपासून फार दूर गेले तर वळलेली पट्टी वाटेतच उघडते, फार जवळ आले तर फूटला घासते. हे बसविणे अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे, आणि एकदा जमल्यावर ती जागा खूण करून ठेवावी.

अशा साधनांची गरज आता कमी न होता वाढली आहे. नव्या बिनधोट्याच्या मागांवर बाण्याचा धागा दर फेरीला कापला जातो. त्यामुळे मागावरच्या काठाचे जुने बळ त्या कापडाला नसते. टॉवेलच्या आडव्या टोकांना पूर्वीही हेम लागतच असे. आता लांबीच्या कडाही दुमडाव्या लागतात. सोलापूरसारख्या शहरात टॉवेल आणि गणवेश ही दोन्ही कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. तेथे काठाची शिवण हा मालाच्या किमतीचा आणि नावाचा प्रश्न असतो.

हिशेबाची दुसरी बाजू

व्यापारी मनुष्य प्रथम कापडाचा हिशेब पाहील, आणि तो पाहण्यासारखाच आहे. सोळा इंची चौकोनी हातरुमालाला चार बाजूंची मिळून ६४ इंच शिवण लागते. एका डझनाला ७६८ इंच. हाताने दुमडताना प्रत्येक बाजूला एक सूत जास्त गेले तर एका रुमालाच्या रुंदीत पाव इंच जातो. ओळीने शंभर रुमाल मांडले तर २५ इंच कापड नुसत्या दुमडीत संपते, आणि रुमालही एका मापाचे राहत नाहीत. ठरलेल्या वळशाच्या हेमरने हे नुकसान थांबते. सुईजवळ बोटे न्यावी लागत नाहीत, हा लाभ तर पैशात मोजता येणार नाही. सुई बोटात शिरण्याचे दुःख शिलाईकाम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

परंतु हिशेब येथे संपत नाही. काठाचे काम पुष्कळ ठिकाणी नगावर दिले जाते, आणि ते घरी बसून करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. समजा, एक शिवणारी बाई हाताने दुमडून दिवसाला ४० नग करते आणि नगाला ५ रुपये मिळतात. तिची कमाई २०० रुपये. फोल्डर आल्यावर ती ६० नग करू लागली. दर तोच राहिला तर तिला ३०० रुपये मिळतील. दर लगेच ३ रुपये ३३ पैशांवर आणला तर ६० नग करूनही ती २०० रुपयांवरच राहील. काम दीडपट आणि कमाई तेवढीच. दर ४ रुपये ठरला तर तिला २४० रुपये मिळतात आणि पेढीला नगामागे एक रुपया वाचतो. तिन्ही हिशेब वहीत बरोबर जुळतात. कोणता लिहायचा हे मात्र वही ठरवीत नाही, पेढीचा मालक ठरवितो.

यंत्राविषयी कठोर बोलणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिलाई यंत्राला आवर्जून अपवाद मानले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र निर्माण झाले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. त्यांचा भर यंत्र असण्या-नसण्यावर नव्हता. यंत्रामागे लोभ आहे की माणसाविषयीची कळकळ, यावर होता. काठ दुमडणाऱ्या एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्यालाही तीच कसोटी लागू पडते. कष्ट वाचावेत म्हणून आणलेले साधन कष्ट करणाऱ्याच्याच हातातील पैसा कमी करू लागले, तर त्याचा हेतू उलटला असे म्हणावे लागेल.

व्यवहारात याची सोय कठीण नाही. साधनाचा खर्च पेढीने उचलावा, कारण ती किंमत यंत्राच्या किमतीपुढे अगदी थोडी असते आणि घरी काम करणारीला तीही जड वाटते. शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात नग कमी होतात, खराबाही होतो. त्या दिवसांची मजुरी जुन्या सरासरीने द्यावी. नवा दर हात बसल्यावर, दोघांनी समोरासमोर बसून ठरवावा. आणि प्रत्येक नव्या लॉटमधील एक नग चार वेळा धुऊन पाहावा. काठ जसाच्या तसा राहिला तर साधन, कापड आणि मजुरी या तिन्ही गोष्टी योग्य जागी आहेत असे समजण्यास हरकत नाही. घाईत आणि कमी मजुरीत केलेले काम पहिल्या धुण्यात लपते. चौथ्या धुण्यात ते गिऱ्हाइकाच्या घरी दिसते, आणि तेथे पेढीचे नाव लिहिलेले असते.