कच्च्या लिंबाची तक्रार

लहानपणी किन्हीराजात क्रिकेट खेळताना आमच्यात एक तरी 'कच्चा लिंबू' असायचाच. बहुतेक वेळा तो मीच. उंची कमी आणि चेंडू दिसायचा उशिरा. पण मोठी पोरं मला घरी पाठवत नसत. पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली तर आणखी एक चेंडू मिळायचा, कॅच सुटला तर शिव्या अर्ध्याच पडायच्या. मी कच्चा आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मगरिबच्या अजानपर्यंत मी त्यांच्यातलाच असे.

आता पस्तिशी ओलांडल्यावर मी पुन्हा कच्चा लिंबू झालो आहे, मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळात. इथे मात्र कच्च्या लिंबाला कोणी ठेवून घेत नाही.

मोबाइल गेमबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचं लिहिलं जातं. एक, व्यसनाचं. 2019 मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने पबजीवर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, ती अनेकांना आठवत असेल. दुसरं, ई-स्पोर्ट्समध्ये लाखोंची बक्षिसं मिळवणाऱ्या पोरांचं कौतुक. मी दोन्हींत बसत नाही. इशाची नमाज झाली, जेवण झालं की अर्धा-पाऊण तास खेळतो आणि झोपतो. माझ्यासारखे पुष्कळ असतील, पण आमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडत नाही. आम्ही फक्त हरतो.

खेळायला लागलो ते मित्रांसाठी. शाळेतले आम्ही चौघं. एक पुण्याला कंपनीत, एक नागपूरला, एक आखातात आणि मी इथे. पबजी मोबाइल 2018 मध्ये आला आणि चौघांना एकत्र बसायला जागा मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, बंदुका शोधतात, खेळायची जागा आकसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. आमच्यातलं कोणी क्वचितच उरायचं. हातात बंदुका आणि बोलणं सोयाबीनच्या भावाचं. कोणाच्या अब्बांची शुगर वाढली, कोणाचं लग्न ठरेना. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तर रोजची भेट तिथेच होती.

2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. जुलै 2021 मध्ये भारतासाठी वेगळी आवृत्ती आली, जुलै 2022 मध्ये तीही दुकानांतून काढली गेली, मे 2023 मध्ये परत आली. मधल्या काळात, फेब्रुवारी 2022 मध्ये, फ्री फायरवरही बंदी आली. कारणं सरकारला ठाऊक, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण या येण्याजाण्यात आमचा आखातातला मित्र सुटला. तो जागतिक आवृत्तीवर, आम्ही भारतीय आवृत्तीवर. एका बेटावर उतरणंच संपलं.

त्यानंतर आम्ही दोन-तीन खेळ बदलले. सध्या कोणता खेळतो ते सांगत नाही, कारण नाव बदललं तरी तऱ्हा बदलत नाही.

नवीन खातं उघडलं की पहिले काही सामने तुम्ही दणकून जिंकता. वाटतं, आलं बुवा जमायला. मग पुतण्या शेजारी बसून सांगतो, ''चाचू, ये सब बॉट हैं.'' म्हणजे समोर माणसंच नव्हती. संगणकाने चालवलेले पुतळे, उभे राहून गोळ्या खाणारे. एरवी मी त्यावर हसलो असतो, पण त्या दिवशी मला खरंच लागलं. मैदानावर मोठी पोरं मला दुसरा चेंडू द्यायची तेव्हा त्यात फसवणूक नव्हती. इथे मला न सांगता जिंकवलं आणि गोडी लागल्यावर खऱ्या माणसांत सोडून दिलं.

खऱ्या माणसांत सोडतानाही हिशेब असतो म्हणे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी गुण मोजायची पद्धत बसवली, ती जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की घटतात, आणि त्यावरून तुमच्या तोडीचा प्रतिस्पर्धी ठरवता येतो. ऑनलाइन खेळ अशाच कल्पनेवर जोड्या लावतात. कल्पना चांगली आहे. पण जोडी लावणाऱ्याला तुम्ही खेळाडू दिसता की गिऱ्हाईक? अ‍ॅक्टिव्हिजन या अमेरिकी कंपनीला 2017 मध्ये एक पेटंट मिळालं. त्यातली युक्ती अशी की नवख्याची गाठ मुद्दाम एखाद्या तरबेज खेळाडूशी घालायची, त्याच्याजवळची विकतची बंदूक पाहून नवख्यालाही ती घ्यावीशी वाटेल. ही पद्धत कुठल्या खेळात वापरलेली नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. असेल. पण हे कोणाच्या तरी डोक्यात आलं, कागदावर उतरलं आणि त्याचं पेटंट घेतलं गेलं, एवढं मला पुरे आहे.

गावातल्या नेटवर्कचं काय सांगू. माझ्या पडद्यावर मी भिंतीआड पोहोचलेलो असतो आणि तरी मरतो. ती खबर सर्व्हरपर्यंत जायला उशीर झालेला असतो, त्याच्या लेखी मी अजून उघड्यावरच. त्यात थ्री-फेज लाइन आली की शेजारचा मोटार लावायला ओरडतो आणि मी फोन टाकून उठतो. परत येऊन पाहावं तर तीन अनोळखी पोरं मला शिव्या देत असतात. त्यांचंही चुकत नाही, माझ्यामुळे त्यांचे गुण गेलेले असतात.

या अनोळखी पोरांचा आणखी एक किस्सा. पडद्यावर माझं खरं नाव असतं. ते वाचून कधी कोणी 'पाकिस्तान' काढतो, तेव्हा मी माइक बंद करतो. आता सवय झाली, असं म्हणायची पद्धत आहे, पण सवय होत नाही. एकदा मात्र वेगळंच झालं. मला गोळी लागली होती, गुडघ्यांवर रांगत होतो. सोबत्याने येऊन उचललं नाही तर काही सेकंदांत खेळ संपतो. मी ओरडलो, ''अबे, इकडं ये ना लवकर!'' तो थांबला. म्हणाला, ''तुम्ही मुस्लिम ना? मग मराठी एवढं चांगलं कसं बोलता?'' हा प्रश्न एसटीत, बँकेत, लग्नात हजारदा ऐकलाय. पण रांगता रांगता पहिल्यांदाच ऐकला. उत्तर द्यायच्या आत मेलो. नंतर गाव विचारलं, मी म्हणालो, मालेगाव तालुका. ''अच्छा, नाशिकचं!'' आमचं मालेगाव वाशीमचं, हे सांगायला वेळ उरला नव्हता.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. सोडवलं नाही ते एक. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या मित्राने रँकमध्ये बरीच मजल मारली. मग एका रात्री म्हणाला, ''भाऊ, वाईट वाटून घेऊ नको, पण रँकच्या सामन्यात तू नको येत जाऊ. आपण नंतर साधा खेळू.'' ते 'नंतर' फार कमी वेळा येतं. त्याला दोष कसा देऊ? आमच्यातल्या कोणाचा डाव बुडवावा असा कच्चा लिंबू लहानपणी मीही नव्हतो, कारण बुडायला काही नसायचंच. वहीत गुण लिहिलेले नसायचे.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ते चांगलंच झालं. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांचीही दखल आहे. पण कायदा मला मित्राच्या गटात बसवून देणार नाही. ते खेळ बनवणाऱ्यांच्याच हातात आहे. माझी मागणी फार मोठी नाही. चार मित्रांसाठी एक खोली द्या, जिथे गुण मोजले जाणार नाहीत, मध्येच उठलेल्याची जागा राहील आणि समोर पुतळे असतील तर तसं सांगितलं जाईल.

परवा रात्री सव्वादहाला पुण्याच्या मित्राच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. मी आमंत्रण पाठवलं नाही, सरळ फोन लावला. त्याने कापला. सामन्यात असणार. पावणेअकराला त्याचाच फोन आला. ''हां बोल बे,'' म्हणाला, ''सोयाबीन विकलं का?''