आधी वायर बघा, मग कॉम्प्युटर!

हॉस्टेलवर कुणाचा लॅपटॉप बंद पडला की सल्ले ठरलेले असतात. पहिला म्हणतो रीस्टार्ट कर, दुसरा म्हणतो फॉरमॅट मार, आणि तिसरा (जो स्वतःला एक्स्पर्ट समजतो) जाहीर करतो, "मदरबोर्ड गेला रे, नवीन घे!" चार्जरची पिन नीट बसली आहे का, हे मात्र कुणी बघत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत फार तर एखादं सबमिशन बुडतं. पण हीच सवय डिझेल ट्रकच्या बाबतीत लागली तर एखाद्या घराचे हप्ते बुडतात. आणि मित्रांनो, ही सवय लागलेली आहे.

ज्यांची ब्रँच मेकॅनिकल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुन्या ट्रकमध्ये डिझेल किती आणि कधी सोडायचं हे पंप ठरवायचा. पाना, फिलर गेज आणि अनुभव, एवढ्यावर मिस्त्रीचं काम भागायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-फोर आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स. आता नव्या डिझेल ट्रकमध्ये ते काम ईसीयू करतो. आपल्या जर्नलएवढा ॲल्युमिनियमचा डबा! कॉमन रेलमध्ये डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाखाली असतं आणि कुठला इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे हा डबा ठरवतो. तो बिघडला तर ट्रक जागचा हलत नाही, हे खरं. पण ट्रक जागचा हलत नाही म्हणजे तो डबाच बिघडला, हे खरं नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका वाक्यावर आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कळंबोलीजवळच्या एका गॅरेजमध्ये महिनाभर ट्रेनिंग केलं. (मुलगी ट्रकच्या गॅरेजमध्ये काय करणार, हा प्रश्न घरी, शेजारी आणि खुद्द गॅरेजमध्ये विचारून झालेला आहे. आपण पुढे जाऊ.) तिथे एक ट्रक आला. मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस. माल भरून बोरघाट चढताना इंजिन अचानक बंद पडायचं, दहा मिनिटांनी सेल्फ मारला की चालू. रिकामी गाडी मात्र एकदम शहाणी. एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, रेल प्रेशर, बूस्ट प्रेशर आणि ऑइल प्रेशर असे तीन सेन्सरचे कोड एकदम दिसले, आणि निकाल दिला: तीन सेन्सर एकाच वेळी कसे जातील, म्हणजे ईसीयू गेला. एस्टिमेट बघून त्या काकांचा चेहरा उतरला होता.

पहिलं अर्धं वाक्य बरोबर होतं. तीन सेन्सर एकाच वेळी सहसा जात नाहीत. पण त्यातून निघणारा प्रश्न असा की तिघांत कॉमन काय आहे? तिघांना ५ व्होल्टचा सप्लाय एकाच लाइनवरून मिळत होता. त्यातली एक वायर कुठेही बॉडीला टेकली की तिघांचेही व्होल्टेज पडणार आणि ईसीयू बिचारा तिघांच्या नावाने तक्रार करणार. ट्रकच्या कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो की कुठली गोष्ट, एफएमआय सांगतो की कशी बिघडली. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज नॉर्मलपेक्षा कमी. पहिला आकडा सगळे वाचतात, दुसरा वाचायला कुणाला वेळ नसतो.

गॅरेजच्या चाचांनी मल्टीमीटर ५ व्होल्टच्या लाइनवर लावला, इंजिन चालू ठेवलं आणि मला वायरिंग इंचाइंचाने हलवायला लावली. एका ब्रॅकेटपाशी मीटर धाडकन शून्याकडे गेला आणि इंजिन बंद. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरचं इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलं होतं. घाटात लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं, वायर ब्रॅकेटला टेकते, खेळ खलास. वायर जोडून, स्लीव्ह चढवून, क्लिप मारून गाडी घाटात पाठवली. ईसीयू ठणठणीत होता.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काम शोधायला अर्धा दिवस गेला, पण बिल करताना चाचा अडले. पार्ट काहीच बदललेला नाही, मग पैसे कसले लावायचे? आपल्याकडे गिऱ्हाईक विचारतं, "काय बदललं?" "काय शोधलं?" असं कुणी विचारत नाही. मग गॅरेजवालाही बदलायच्या मागे लागतो, कारण विचार करण्याचे पैसे मिळत नाहीत, डब्याचे मिळतात. सगळा दोष सर्व्हिस सेंटरवर टाकून आपण मोकळे होतो ते मला म्हणूनच पटत नाही.

ईसीयू खरोखर जात नाही असं नाही. डब्यात पाणी शिरतं. बॅटरी उलटी जोडली जाते. चासीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर काढायचे असतात, पण "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणून कुणी काढत नाही. पण संशय डब्यावर येण्याआधी त्याला जेवण मिळतंय का ते बघायला नको? सप्लाय आणि अर्थ. इथेही एक गंमत आहे. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला तरी मल्टीमीटर ओहममध्ये जवळजवळ शून्यच दाखवतो, आपण खूश. त्याच वायरवर २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावा, तो मिणमिणला की वायरचं पितळ उघडं! कॅन बसचंही तसंच. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर पॅरलल असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. फर्स्ट इयरचं गणित आहे हे, कुणाला केटी लागायचं कारण नाही.

सप्लाय आहे, अर्थ आहे, सेन्सर एकेक काढून पाहिले, तरी ईसीयूच्या पिनवरच ५ व्होल्ट येत नाहीत, तेव्हा मी मानेन की डबा गेला. तेव्हासुद्धा तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. इंजेक्टरची कॉइल किंवा वायर शॉर्ट असेल तर नवा डबाही त्याच वाटेने जाऊ शकतो.

आणि नवा डबा म्हणजे बल्ब नव्हे, की फिरवला आणि लागला. त्यात त्याच इंजिनाचं सॉफ्टवेअर हवं, गाडीचा चासी नंबर हवा, इमोबिलायझर असेल तर त्याची ओळख पटवावी लागते, आणि बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड भरावा लागतो, कारण कुठलेही दोन इंजेक्टर अगदी सारखे नसतात. जुन्या डब्यातला डेटा वाचता येत असेल तर आधी काढून ठेवणं शहाणपणाचं. भंगारातून तसाच दिसणारा डबा आणून बसवला आणि गाडी धूर ओकायला लागली, तर दोष डब्याचा नाही.

हे सॉफ्टवेअर आणि वायरिंग डायग्राम असतात कंपनीच्या लॉगिनमागे. कंपन्या म्हणतात, माहिती खुली केली तर लोक प्रदूषणाची सिस्टिम बायपास करतील. भीती खोटी नाही, ॲडब्लू न भरता गाडी पळवायचे जुगाड बाजारात आहेत. पण इंजिनाचा मॅप बदलू देणं वेगळं आणि कुठल्या पिनवर किती व्होल्ट असावेत हे सांगणं वेगळं. दुसऱ्यात कुणाचं काय जातं? कारच्या बाबतीत कॉम्पिटिशन कमिशनने २०१४ साली १४ कंपन्यांना सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टलही काढलं. पण हायवेवरच्या गॅरेजमध्ये मी महिनाभर जी वायरिंग डायग्राम पाहिली, ती तेलाचे डाग पडलेली, कुणाच्या तरी झेरॉक्सची झेरॉक्स होती.

आता आपल्याकडे बघू. आपल्या लॅबमध्ये कट-सेक्शन इंजिन आहे. हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली होतो, सगळे वा म्हणतात, जर्नलवर सही मिळते. त्या इंजिनात ईसीयूच नाही! माझी मागणी फार खर्चाची नाही. भंगारातली एक वायरिंग, एक ईसीयू, चार सेन्सर, २४ व्होल्टचा सप्लाय. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सरांनी एक वायर गुपचूप खराब करून ठेवायची आणि आम्ही ती शोधायची. व्हायवाला टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक विचारण्यापेक्षा हे बरं.

एचओडी सरांना द्यायचा अर्ज तयार आहे, सह्या हव्यात. कागद मेसच्या काउंटरवर ठेवलाय, शुक्रवारपर्यंत तिथे असेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही सही करावी ही विशेष विनंती, कारण ही लॅब त्यांच्या बिल्डिंगमध्ये असावी की आमच्या, यावरून भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय.