तिची साक्ष, तिच्या भाषेत



काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. शाळेची पायरी कधी चढलेली नाही. आईबरोबर खुरपणीला जायची, घरचा स्वयंपाक करायची. ओळखीच्याच एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता.

मी दोघींना बसवले, पाणी दिले आणि पुढचा तासभर आईला प्रश्न विचारत राहिले. कुठे झाले, कधी झाले, कोण होता? मुलगी माझ्याकडे बघत होती. मध्येच तिने आईचा दंड हलवून हातांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "थांब गं, ताई विचारतायत ना." मीही मान खाली घालून लिहीत राहिले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना 'ज्या व्यक्तीचा प्रश्न आहे तिच्यापासून सुरुवात करा' हे मी परीक्षेत लिहून आले होते. प्रत्यक्षात तिच्याशी मी एक शब्दही, एक खूणही बोलले नाही.

पोलीस ठाण्यात वेगळे काही घडले नव्हते. 'हिला बोलता येत नाही, मग फिर्याद भावाचीच घेऊ,' असे ठरले. भाऊ घटनेच्या वेळी तिथे नव्हता. त्याने अंदाजाने सांगितले : संध्याकाळची वेळ, विहिरीजवळ. कित्येक महिन्यांनी न्यायालयात तिला विचारले तेव्हा तिने हात डोक्यावर नेऊन सूर्य दाखवला, मग दोन्ही हातांनी छप्पर दाखवले. दुपार. गोठा. आरोपीच्या वकिलांना एवढे पुरेसे होते. भावाचा अंदाज आणि तिची माहिती यांतला तो फरक होता; पण कागदावर दोन्ही तिच्याच नावावर होते, आणि म्हणून ती 'विसंगती' ठरली.

दुभाषी शहरातून आणली होती. तिला सांकेतिक भाषा उत्तम येत होती, पण मुलीला ती येत नव्हती. शिकवलीच कोणी? तिच्या खुणा घरात तयार झालेल्या, आई आणि एक चुलत बहीण यांनाच कळणाऱ्या. आईने अर्थ सांगावा तर ती हितसंबंधी म्हणून हरकत. म्हणजे जिला कळते ती चालत नाही आणि जी चालते तिला कळत नाही. शेवटी मान हलवून 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारले गेले. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मुलगी खोटे बोलते असे कोणी म्हटले नाही. तिचे म्हणणे कोणापर्यंत पोचलेच नाही, एवढेच.

या अंकात हा विषय घेण्याचे कारण असे की, कायद्यात काहीच नाही म्हणून हे घडले, असे म्हणायची सोय आता उरलेली नाही. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या अपंग स्त्रियांविषयीच्या तरतुदी आपल्यापैकी किती जणींनी वाचल्या आहेत? १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या, कलमांचे आकडे बदलले, पण या तरतुदी कायम आहेत. त्या थोडक्यात अशा :

लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री शरीराने वा मनाने अपंग असेल, मग ते अपंगत्व तात्पुरते का असेना, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या सोयीच्या ठिकाणी जाऊन तक्रार नोंदवायची. त्या वेळी दुभाषी किंवा विशेष शिक्षिका हजर हवी आणि चित्रीकरण व्हायला हवे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा तिचा जबाबही अशाच मदतीने व चित्रीकरणासह घ्यायचा. तो जबाब खटल्यात सरतपासणीच्या जागी धरला जातो. तिला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही, फक्त उलटतपासणी होते (कलम १८३). ओळखपरेड न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, चित्रीकरणासह (कलम ५४). आणि जिला बोलता येत नाही तिने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच समजली जाते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १२५).

आमच्या मुलीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी चित्रीकरण झाले असते, तर तिचे हात पहिल्या दिवसापासून काय सांगत होते हे कोणालाही बघता आले असते. सूर्य डोक्यावर होता हे भावाच्या अंदाजाखाली गाडले गेले नसते. पण चित्रीकरण मागायला हवे होते ते आम्हीच मागितले नाही.

इथे आपल्या चळवळीचा थोडा इतिहास आठवतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 'ओरडली नाही म्हणजे संमती' हा तर्क आपण मोडून काढला. पण जिला ओरडताच येत नाही, तिचा विचार तेव्हा आपणही फारसा केला नव्हता.

दुसरी आठवण १९९४ सालची. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण दिले गेले. मी तेव्हा लहान होते; जुन्या कार्यकर्त्यांकडून ते आंदोलन ऐकले आहे. त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो : गर्भाशय काढल्याने मुलीवरचा बलात्कार थांबतो, की फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो? त्यांच्यासाठी आपण बोललो, हे खरेच मोलाचे होते. पण त्या मुली स्वतः काय सांगतात हे ऐकायची व्यवस्था आपण उभी केली का?

२०२१ साली आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. अपंग व्यक्ती जगाशी वेगळ्या रीतीने व्यवहार करते, एवढ्यावरून तिची साक्ष दुय्यम ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले आणि बलात्काराची शिक्षा कायम ठेवली. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, प्रत्येक पोलीस ठाण्यात विशेष शिक्षक, दुभाषी आणि कायदेशीर मदत देणाऱ्यांची यादी असावी. पुढे २०२२ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश दिले, आणि असुरक्षित साक्षीदार कोण, यात अपंग व्यक्तींचाही समावेश केला.

तेव्हा मागायचे काय, हे स्पष्ट आहे. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन ती यादी दाखवा म्हणायचे. नसेल तर लेखी मागायची, आणि ती करायला मदतही करायची. कर्णबधिरांच्या आणि मतिमंदांच्या शाळांतल्या शिक्षिका आपल्या जिल्ह्यात असतात. त्यांच्याशी ओळख गुन्हा घडल्यानंतर नव्हे, आधी हवी. जिला प्रमाण सांकेतिक भाषा येत नाही तिच्याबरोबर दुभाषीने साक्षीआधी काही दिवस घालवावेत, हे सरकारी वकिलांकडून न्यायालयापुढे मांडायला हवे. दुभाषी तटस्थ असावा आणि त्याला शपथ दिलेली असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले आहे. ते योग्यच आहे. पण तटस्थ माणसाला तिच्या खुणा शिकायला वेळ लागतो. तो वेळ देणे ही मेहेरबानी नव्हे, न्यायाची पूर्वअट आहे. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करताना दुभाषीचीही मागणी करा.

एक उणीवही लक्षात ठेवू. घरी येऊन, दुभाषीसह तक्रार नोंदवण्याची सक्ती लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. नवऱ्याने मारले, सासरच्यांनी कोंडून ठेवले, भावाने पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर तेवढी स्पष्ट तरतूद नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातले कलम १२ न्याय मिळवण्याचा हक्क देते. त्याचा आधार घेऊन भांडावे लागेल.

पण पोलिसांकडे जाण्याआधी आपल्याच उंबऱ्यापाशी थोडे थांबू या. आमचे केंद्र दुसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट नाही. मदतीसाठी फोन नंबर होता. कर्णबधिर बाईने तो लावून काय करायचे? शिबिरांत अपंग स्त्रिया किती येत? अत्याचार झालेली स्त्री म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जी बाई येते तिला चालता, बघता, ऐकता, बोलता येते, हे आपण कधी तपासूनच पाहिले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी १८ लाख अपंग स्त्रिया आहेत. 'आमच्याकडे अशा केसेस येत नाहीत,' असे एखाद्या संघटनेने म्हटले तर त्याचा अर्थ अशा घटना घडत नाहीत असा होत नाही. त्या बायका आपल्यापर्यंत पोचू शकत नाहीत, असा होतो.

आम्ही केंद्र तळमजल्यावर आणले. फोनबरोबर व्हिडिओ कॉलची सोय केली. दोघी कार्यकर्त्या सांकेतिक भाषेचे प्राथमिक शिक्षण घेत आहेत. हे पुरेसे नाही, याची जाणीव आहे.

त्या मुलीकडे निकालानंतर मी गेले होते. काय बोलावे सुचत नव्हते. मी कागदावर लिहिलेले काहीच नेले नव्हते, आणि आईला विचारायचे नाही असे ठरवले होते. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी शेजारी बसून शेंगा फोडू लागले. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे बोट दाखवले, मग लिहिल्यासारखा हात केला, आणि मान नकारार्थी हलवली. ती मला त्या पहिल्या दिवसाची आठवण देत होती, असे मला वाटले. कदाचित आज वही का नाही, एवढेच विचारत असेल. अजूनही मला नक्की सांगता येत नाही. तिची भाषा मी शिकलेली नाही.

आपल्या जिल्ह्यात अशा स्त्रियांच्या बाबतीत काय अनुभव आले, पोलीस ठाण्यात यादी आहे की नाही, हे पुढच्या अंकासाठी जरूर लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्या. फक्त शब्द तुमचेच असू द्या.