दोन तीर, दोन टॉवर

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. टेलिफोनच्या लहरींना राज्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. बिल करणाराला मात्र त्या नेमक्या ठाऊक असतात. औराद-भालकीकडील आमच्या वाचकांना आठवत असेल की, दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच्या ओसरीवर बसून फोन हाती घेतला, तरी तो मधूनच महाराष्ट्रातील टॉवर धरी आणि परराज्यात स्वागत असल्याचा निरोप झळके. बिदरच्या पूर्वेकडील गावांत हाच प्रकार झहीराबादच्या बाजूने होई. माणूस घरात, फोन परराज्यात आणि भुर्दंड खिशाला! २०१६-१७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे वेगळे आकार काढून टाकले आणि ही कटकट आम्ही विसरूनही गेलो.

ती पुन्हा आठवली ती डॅन्यूब नदीमुळे. नौबादेतील आमचे एक निवृत्त सहकारी आणि त्यांच्या पत्नी येत्या मे महिन्यात युरोपात जात आहेत. मुलगा जर्मनीत असतो. त्याने आईवडिलांसाठी नदीवरील सहल ठरविली आहे. बुडापेस्टला बोटीत बसावयाचे, बेलग्रेडवरून खाली उतरत बल्गेरियातील रुसे गाव गाठावयाचे, असे आठ दिवस. बेत उत्तमच, परंतु घरी शहाऐंशी वर्षांची आई आहे. एक भाची सोबतीस येऊन राहणार आहे, तरीही मुलाचे मन घोटाळते. "गुरुजी, बोटीवर इंटरनेट नीट चालेल ना? नाही तर आम्ही तिकिटे रद्द करतो," असे ते आम्हांस विचारावयास आले. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात 'संपूर्ण प्रवासात मोफत वाय-फाय' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. मोफत असेल, 'संपूर्ण' या शब्दाविषयी मात्र आम्हांस शंका आहे, आणि ती का, हे येथे सांगावेसे वाटते. कारण आपल्या समाजातून अशा सहलींना जाणारी मंडळी आता थोडी नाहीत.

नदीवरील बोट इंटरनेट आणते कोठून? पुष्कळदा काठावरील मोबाईल टॉवरकडूनच. छतावरची अँटेना ते संकेत घेते आणि दीड-दोनशे प्रवाशांत वाटून देते. अलीकडे काही बोटी उपग्रहाचीही जोड घेतात. जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असल्यामुळे बोलताना शब्द अडखळत. स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तो दोष पुष्कळ कमी झाला. पण उपग्रह असो की टॉवर, अँटेनेला आकाश वा काठ दिसावा लागतो. डॅन्यूबवर तो दिसतोच असे नाही. सर्बिया आणि रुमानिया यांच्यामध्ये 'लोखंडी दरवाजे' नावाची सुमारे १३० किलोमीटरांची घळ आहे. दोहों बाजूंस उभे कडे, आणि कित्येक ठिकाणी नदी अगदी अरुंद. या घळीतच १९७२ साली पुरे झालेले मोठे धरण आहे. धरण ओलांडण्यासाठी बोट दारे असलेल्या प्रचंड हौदात शिरते, दारे मिटतात, पाणी सोडतात आणि बोट भिंतींच्या आत खोल उतरू लागते. तेथे दोन टप्प्यांत मिळून तीस मीटरहून अधिक उतरावे लागते. आमच्या नौबादेच्या बहामनी काळातील करेझमध्ये झरोक्याखाली उजेड आणि पुढे पुन्हा काळोख असतो. बोटीवरील फोनाचेही तसेच समजावे. मुलाने सांगितले की दुपारी जेवणानंतर सगळेच प्रवासी नातवंडांशी बोलू लागले म्हणजे उघड्या पात्रातही ओढाताण होते. यात कोणाची लबाडी नाही, परंतु माहितीपत्रकात हे छापत नाहीत.

आता त्या हद्दींचे पाहा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सभासद देशाचे सिमकार्ड दुसऱ्या सभासद देशात घरच्याच दराने चालते. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आला. मुलगा जर्मनीतील सिमकार्ड आईवडिलांना देणार आहे. ते हंगेरी, क्रोएशिया, रुमानिया, बल्गेरिया येथे या नियमाखाली येते. सर्बिया मात्र संघाचा सभासद नाही. आणि नदी कशी वाहते? बराच अंतर एका तीरावर क्रोएशिया व दुसऱ्या तीरावर सर्बिया. पुढे दोन्ही तीर सर्बियाचे. आणखी पुढे एकीकडे सर्बिया, दुसरीकडे रुमानिया. बोट मध्यावरून चालते आणि फोन बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचा हात धरतो. औरादच्या ओसरीवरची गोष्ट, केवळ राज्यांऐवजी राष्ट्रे! म्हणून आम्ही त्यांना सांगितले की या पट्ट्यात फोनाला आपोआप टॉवर निवडू देऊ नये. क्रोएशियाचे वा रुमानियाचे नाव हाताने निवडावे, आणि ते मिळत नसेल तर इंटरनेट बंद ठेवून बोटीच्या वाय-फायवरच राहावे. येथून रोमिंगचे पॅक घेऊन जाणारानेही 'युरोप' या एका शब्दावर विसंबू नये. देशांची यादी वाचावी, सर्बिया आणि स्वित्झर्लंड ही नावे तीत आहेत का ते बोट ठेवून पाहावे. जुने भारतीय सिम फोनात राहू द्यावे, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. फक्त त्यावरील इंटरनेट बंद असावे. आणि नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांतील 'सुप्रभात'चे व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय निघण्यापूर्वीच बंद करावी. प्रभात कितीही सु असली, तरी ती डॅन्यूबवर उतरवून घेण्याइतकी स्वस्त नव्हे.

एवढे झाले तरी मुख्य प्रश्न उरतोच, आणि तो आईंनीच विचारला. आम्ही त्यांच्या घरी बसलो असता सारे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, यानं फोन उचलला नाही तर मी काय समजायचं?"

या प्रश्नापुढे आम्ही थोडे थबकलो. या बाईंच्या तरुणपणी अबोल्याचा अर्थ ठरलेला होता. पत्र आठवडाभर आले नाही म्हणजे सर्व क्षेम आहे असे घर समजे, आणि तारवाला गल्लीत शिरला की बायकांच्या काळजाचे ठोके चुकत. तार महाग, म्हणून ती बहुधा वाईटच बातमी आणी. ती तार २०१३ च्या जुलैत या देशातून गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा टपाल खात्यातच नोकरीस असलेल्या गोपाळरावांनाही पत्नीच्या पत्रासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आता दोन तास फोन लागला नाही की माणसाच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते उभे राहते. अबोला तोच, अर्थ उलटला. २०२३ च्या जानेवारीत 'गंगा विलास' ही बोट बत्तीस स्विस प्रवाशांना घेऊन वाराणसीहून निघाली आणि बांगलादेशातून फिरून एक्कावन्न दिवसांच्या प्रवासासाठी दिब्रुगडकडे गेली. त्यांच्याही गावी कोणी म्हातारी माणसे असतीलच; गंगेत आणि ब्रह्मपुत्रेत आपल्या माणसाचा फोन लागत नाही म्हणून तीही अशीच खिडकीशी बसली असतील.

तेव्हा तिकिटे रद्द करू नयेत, परंतु अबोल्याचा अर्थ आधी ठरवावा, असे आमचे मत पडले. त्याप्रमाणे मुलाकडून बोटीचे वेळापत्रक मागविले. पुष्कळशा रात्री बोट चालते आणि सकाळी एखाद्या गावाच्या धक्क्याला लागते. त्या वेळी वाय-फायवर गर्दीही कमी असते. म्हणून दिवसातून एकदाच, आपल्या साडेदहाला बोलावयाचे ठरले, म्हणजे आईंची पूजा आटोपलेली असते. ही वेळ बिदरच्या घड्याळाचीच धरावी असा आग्रह आम्ही धरला, आणि तो उगाच नव्हे. उन्हाळ्यात हंगेरी-सर्बियाचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, रुमानिया-बल्गेरियाचे अडीच. लोखंडी दरवाजांत तर एका तीरावर एक वेळ आणि दुसऱ्या तीरावर दुसरी. टॉवर बदलला की फोनाचे घड्याळ तासाने उडी मारते! वहिनींनी म्हणून मनगटी घड्याळ नौबादच्या वेळेवरच ठेवण्याचे कबूल केले आहे.

दुसरी बाजू भाचीची. आईंना काही झाले तर प्रथम शेजारच्या डॉक्टरांना व धाकट्या दिरांना बोलवावयाचे, बोटीला नंतर. कारण बोटीवरचा मुलगा काळजीखेरीज काही करू शकणार नाही, आणि जवळचे माणूस दहा मिनिटांत येऊन रिक्षा आणू शकते. बोटीच्या कचेरीचा क्रमांक आणि जर्मनीतील नातवाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला आहे. नातू जमिनीवर असतो; निरोप तोच पोचवील.

घळीचा जो दिवस आहे त्या दिवशी साडेदहाला फोन आला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी विचारपूस करावयाची नाही, असेही ठरले. आईंनी कालनिर्णय मागवून त्या तारखेवर स्वतःच्या हाताने तांबड्या पेन्सिलीने गोल काढला आणि विचारले, "याच्या आदल्या दिवशी मात्र दोन मिनिटं जास्त बोलेल ना?"