घरच्या संगणकाला कोणती प्रणाली?

गुडीहत्नूरहून एका गृहस्थांचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. पत्र लहान असले तरी त्यातील प्रश्न पुष्कळ घरांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथेच देणे आम्हास योग्य वाटते.

हे गृहस्थ कापूस पिकवतात. घरात आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे. त्यावर वडील कापसाचा हिशेब ठेवतात आणि दहावीतली मुलगी अभ्यास करते. थोरला मुलगा हैदराबादेस अभियांत्रिकी शिकतो. विंडोज १० ला मिळणारी नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर चालेना. तेव्हा दिवाळीस घरी आलेल्या मुलाने मोठ्या हौसेने संगणकावर एक मुक्त प्रणाली बसविली. ती कसबी लोकांसाठी असलेली होती. मुलगा परत गेला आणि एका नव्या सुधारणेनंतर पडदा काळा होऊन त्यावर नुसती इंग्रजी अक्षरे दिसू लागली. घरात कोणास काही उमगेना. मुलीचा अभ्यास अकरा दिवस खोळंबला. भावाबहिणीत अबोला झाला. आईने संगणक भंगारात देण्याचे ठरविले. वडील आम्हास विचारतात, "फुकटाची वस्तू अशीच असावयाची काय?"

प्रथम या प्रश्नातील 'फुकट' हा शब्द बाजूस ठेवू. या प्रणालीचे मोल तिला पैसे पडत नाहीत यात नाही. ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि शेजाऱ्यास द्यावी, अशी मोकळीक तिच्या परवान्यातच लिहिलेली असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कार्याची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला. तो गाभा सर्वांस खुला असल्यामुळे त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या प्रणाली रचल्या. ज्वारी एकच, पण कोणी तिची भाकरी थापतो, कोणी आंबील करतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून 'लिनक्स घ्यावे काय' एवढे विचारून भागत नाही. कोणते घ्यावे, हेही विचारावे लागते.

नवशिक्यांसाठी आम्ही दोन नावे सांगू. उबुंटू ही २००४ साली निघाली. तिचे नाव आफ्रिकेतील भाषांतून आले असून त्याचा अर्थ माणुसकी असा आहे. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. दुसरी लिनक्स मिंट. ही २००६ सालची असून उबुंटूच्याच पायावर उभी आहे. तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्या माणसास परकी वाटत नाही. तिला निदान २ जीबी स्मृती लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. जुन्या यंत्रासाठी तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा.

कसबी लोकांची वाट निराळी आहे. २००२ साली निघालेल्या आर्च लिनक्समध्ये घर बांधावयास विटा मिळतात, बांधलेले घर मिळत नाही. आज्ञा हाताने टंकून एकेक भाग बसवावा लागतो. तिला ठरावीक आवृत्त्या नाहीत, सुधारणा अखंड येत राहतात. शिकणाऱ्यास ही उत्तम शाळा आहे, कारण यंत्राच्या पोटात काय चालते ते तेथे कळते. परंतु सुधारणा करण्यापूर्वी सूचना वाचणारा आणि बिघाड झाल्यास निस्तरणारा माणूस जवळ हवा. १९९३ पासूनची डेबियन या दोहोंच्या मधली. ती सावकाश बदलते आणि स्थिर राहते. आपल्या सी-डॅकने २००७ साली काढलेली बॉस ही प्रणाली तिच्यावरच आधारलेली आहे.

कठीण प्रणाली वापरणारा तेवढा हुशार, असे मात्र मुलांनी मानू नये. खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपण फेडोरा वापरतो असे सांगितले आहे, कारण ती चटकन बसते आणि त्यांना आपल्या खऱ्या कामास लागता येते.

तेव्हा निवडीची आमची कसोटी एकच आहे. रात्री दहा वाजता संगणक अडला, तर घरात हजर असलेल्यांपैकी तो कोण सुरू करील? ज्याच्यावर हा भार पडणार, त्याला झेपेल ती प्रणाली निवडावी. या घरात तो भार दहावीतल्या मुलीवर पडला आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. दोष आम्हास येथे दिसतो, प्रणालीत दिसत नाही.

या घराने आता मिंट घ्यावी. आधी हिशेब, छायाचित्रे आणि मुलीच्या टिपणांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवाव्यात, कारण प्रणाली बसविताना चकतीवरचे सर्व पुसले जाऊ शकते. नंतर प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, तिथूनच चालवून पाहावी. छापणीयंत्र, आवाज आणि इंटरनेट चालते की नाही ते तपासावे. मराठी लिहिण्याचा कळफलक तीत असतो, तेलुगूचाही असतो. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात, क्वचित मांडणी थोडी सरकते. मात्र हिशेबाची जी आज्ञावली केवळ विंडोजसाठी लिहिलेली असेल, ती येथे चालेलच असे नाही. ती आपणास लागते काय, हे आधीच पाहावे.

मुलाच्या हौसेचा अव्हेर करू नये. त्याने आपल्या यंत्रावर, वेगळ्या चकतीवर, खुशाल आर्च चालवावी. त्याच्यासारख्या हातांची आपल्या भागास गरजही आहे. आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि आज तिचा अक्षरसंच कोणासही मुक्तपणे घेता येतो. घरच्या बोलीला संगणकावर जागा मिळते ती असे काम कोणीतरी शिकून करतो म्हणूनच.

परंतु त्याआधी त्याने एक काम करावे. पुढल्या सुटीत बहिणीस शेजारी बसवून मिंट तिच्याच हातून बसवावी, आपण केवळ सांगत राहावे. पेन ड्राइव्ह तिच्याजवळच ठेवावा. मग पुढे कधी पडदा काळा झाला, तर ती भावाची वाट पाहत बसणार नाही. आईनेही भंगारवाल्यास तूर्त परत पाठवावे.