छत्तिसावा फोटो

दिवाळीच्या साफसफाईत कोणत्या वस्तूचे नशीब केव्हा उघडेल, सांगता येत नाही. यंदा आमच्या माळ्यावरून आधी पितळी समया खाली आल्या, मागून एक फाटका आकाशकंदील आला, आणि त्याच्याही मागून आमचा जुना कॅमेरा! समया सौभाग्यवतींच्या ताब्यात गेल्या; कॅमेरा सुटीला आलेल्या भाचीने पटकावला.

“मामा, यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून मला भडकल दरवाजा आणि पाणचक्की काढायची आहे. पण रोलची किंमत ऐकलीत का?”

आम्ही ऐकली, आणि कॅमेऱ्याला पुन्हा माळ्यावर ठेवावेसे वाटले.

वाचकहो, हातातल्या फोनमधून दिवसाला दोनशे फोटो फुकट निघत असताना मुलांना छत्तीस फोटोंसाठी खिसा रिकामा करावासा का वाटतो, हे आम्ही विचारणार नाही. आमच्या तरुणपणी घरच्यांनी आम्हांला असेच प्रश्न विचारले होते. तेव्हा छत्रपती संभाजीनगरचे नाव औरंगाबाद होते, आणि रोल म्हणजे चैन होती. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी उटकमंडला ‘इंदू’ फिल्म काढी. तो कारखाना आता बंद आहे. आज हाती येतो तो रोल झेक देशातला फोमा, इंग्लंडचा केंटमियर किंवा इल्फर्ड, नाहीतर अमेरिकेचा कोडॅक.

मग काटकसर कशी करावी? तीच जुनी युक्ती. सुटे रोल न घेता १०० फुटांची सलग फिल्म घ्यावी आणि रिकाम्या कॅसेटांत आपल्या हाताने भरावी. छत्तीस फोटोंना सुमारे साडेपाच फूट लागतात. म्हणजे १०० फुटांत अठरा रोल. चारपाच हौशी मंडळींनी वर्गणी काढली, तर कोणालाच जड जात नाही. सिनेमाची कृष्णधवल फिल्मही चालते. कोडॅकची डबल-एक्स १९५९ पासून निघते आहे.

कॅसेट दोन तऱ्हेच्या. एक झाकण फिरवून उघडणारी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी. दुसरी अगदी फुकटची: फोटो धुणाऱ्याकडे रिकाम्या कॅसेटा पडलेल्या असतात. तोंडातून जुन्या फिल्मची शेपटी बाहेर असलेली मागून घ्यावी, आणि त्या शेपटीला नवी फिल्म चिकटवावी. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॅसेटच्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते. तिच्यात धूळ बसली की फिल्मभर रेघ उठते, आणि ती झिजली की उजेड आत शिरतो. शिवाय नव्या तऱ्हेचे कॅमेरे कॅसेटवरच्या चौकटी वाचून फिल्मचा वेग ठरवतात. तेव्हा ४०० च्या कॅसेटीत १०० ची फिल्म भरली, तर वेग आपणच सांगावा.

हा घरगुती उद्योग मराठी माणसाला नवा नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. तेव्हा कोरी फिल्म भोकांवाचून येई. सरस्वतीबाई घरचे सगळे आवरून अंधारात बसत आणि ती भोके पाडीत. ‘राजा हरिश्चंद्र’ अशा अंधारातून बाहेर आला.

आमच्या अंधाराची गोष्ट मात्र निराळी. साल १९७८. गुलमंडीजवळच्या एका फोटोवाल्यांनी आम्हांला फिल्म भरायचा काळा डबा वापरायला दिला होता. मोठे रीळ त्यात काळोखात घालायचे. मग कॅसेटा उजेडात बसून भरता येतात. “फक्त शेवटचे दोन फोटो सोडून द्या,” असे त्यांनी बजावले होते. कारण फिल्मचे जे टोक आपण उजेडात कॅसेटच्या दांडीला चिकटवतो, तेच कॅमेऱ्यात सर्वांत शेवटी येते.

आम्ही हिशेबी. छत्तीस म्हणजे छत्तीस! भाऊबीजेच्या दिवशी सगळ्यांचे फोटो झाले. आजी कधी कॅमेऱ्यासमोर येत नसे. त्या दिवशी मात्र काय मनात आले कोण जाणे, ठेवणीतले लुगडे नेसून तुळशीपाशी येऊन बसली. म्हणाली, “घे रे, काढ एकदाचा.” कॅमेऱ्याच्या आकड्यावर ३६ होते. आम्ही खटका दाबला.

फिल्म धुतली, तेव्हा पस्तिसावा अर्धा आणि छत्तिसावा सगळा काळाठिक्कर. “पुढच्या दिवाळीला काढू,” असे आम्ही आजीला म्हणालो. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

काटकसर जरूर करावी, वाचकहो; फिल्मच्या पैशांत करावी. टोकाच्या दोन फोटोंत करू नये. आणि ज्यांचा फोटो हवा, त्यांना आधी बसवावे.

भाचीला हे सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. काल फिल्म आली, आम्ही दोघांनी मिळून कॅसेट भरली. भडकल दरवाजाकडे निघायचे म्हणून आम्ही चपला घातल्या, तर ती म्हणाली,

“मामा, तुम्ही आणि मामी आधी इथे बसा. तो दरवाजा चारशे वर्षे उभा आहे, आणखी तासभर थांबेल.”

आम्ही बसलो. आकड्यावर १ होता.